भाऊ हसले तेव्हा

कर्जत तालुक्यातली पेज नदी भर मे महिन्यातही वाहती असते. त्याचं श्रेय पावसाला नाही, भिवपुरीच्या वीजघराला आहे. घाटमाथ्यावर आंध्रा खोऱ्यात अडवलेलं पाणी टाटांचं हे वीजघर १९२२ पासून खाली आणतं, त्यावर वीज करतं आणि मग ते पेजेत सोडतं. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला हेच काम १९१५ पासून चालू आहे; तिथलं पाणी पाताळगंगेला मिळतं. त्याच तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवतं. तेव्हा या दोन तालुक्यांतून पाणी जातं भरपूर. थांबतं कुठे आणि कुणाच्या दारी, यावर ही गोष्ट आहे.

गावाचं नाव सांगत नाही. गोष्टीतलं गाव आहे. कशेळ्याच्या अंगाला समजा नाहीतर कडावच्या. खाली गावठाण, वर दोन ठाकरवाड्या, आणि त्यांच्याही वर टेपावर एक कातकरवाडी. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं. माणशी रोज ५५ लिटर पाणी, घरच्या नळाला. यथावकाश या गावातही टाकी उभी राहिली, नळ्या पुरल्या गेल्या, प्रत्येक दारापुढे सिमेंटचा बुटका खांब आणि खांबाला तोटी आली. तोटीपाशी घरातल्या बाईला उभं करून फोटो काढले. फोटो वर गेले. पाणी काही वर गेलं नाही.

याच गावात एक शाहीर होता. दिवसा कर्जत स्टेशनाबाहेर रिक्षा चालवायचा, रात्री डफ घ्यायचा. दोन जानेवारीला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांचा पोवाडा, दोन फेब्रुवारीला खालापुरात चावणीला उंबरखिंडीचा, ही त्याची वर्षाची ठरलेली कामं. १६६१ साली करतलबखानाची फौज त्या खिंडीत कोंडली गेली, तो खान घोड्यावर बसून पाणी मागतो त्याची नक्कल शाहीर अशी करायचा की पहिल्या रांगेतली पोरं उठून मागे पळायची. गळा पहाडी होता. त्याहून तिखट जीभ होती.

गावचं सरपंचपद महिलेसाठी राखीव. पाटीवर वहिनींचं नाव, खुर्चीत त्यांचे यजमान. त्यांना सगळे भाऊ म्हणत. ठेका भाऊंच्या ओळखीतल्याचा, जेसीबी भाऊंच्या मेव्हण्याचा, आणि सही तेवढी वहिनींची. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. महाराष्ट्रात अशी गावं शोधायला फार लांब जावं लागत नाही.

शिमगा आला. वाड्यांतल्या बायका तेव्हा पहाटे चारला उठून पाऊण तासावरच्या झऱ्याला जात होत्या. होळीच्या रात्री शाहिरानं नवं गाणं काढलं. सोंगाड्या करायला एक पोरगा घेतला, त्याला लुगडं नेसवलं, हातात शिक्का दिला. तो दिसेल त्या कागदावर शिक्का मारत सुटला आणि शाहिरानं डफावर थाप दिली:

नळ आला गं बाई, नळ आला,
फोटो काढून परत गेला.
पाण्याला पुसलं, येशील का दारी?
पाणी म्हणालं, बिल निघू दे तरी!

माणसं लोळली. शिट्ट्या, बोंबा, पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होते ते पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेले भाऊ. डोळ्यांतलं पाणी पुसत ते उठले, मंचावर आले, शाहिराच्या पाठीवर थाप मारली आणि ५०१ रुपये हातात ठेवले. माइक घेऊन म्हणाले, "आपल्या गावात लोकशाही आहे. माझ्यावर गाणं केलं तरी मी बक्षीस देतो. दाखवा असा सरपंच दुसरा!" टाळ्या. त्या शाहिराच्या गाण्याला पडल्या होत्या त्याहून जास्त.

पंधरा दिवसांत गाणं मोबाइलवरून नेरळ, कर्जत, चौक, खोपोली सगळीकडे फिरलं. शाहिराला सुपाऱ्या वाढल्या. भाऊंच्या वाढदिवसाला भाऊंनीच ते डीजेवर लावलं. नळाला अर्थातच पाणी नव्हतं.

गावात नाना नावाचे एक म्हातारे ढोलकीवाले होते. जन्म १९४०चा. सोळाव्या वर्षी लालबागला मामाकडे गेले, गिरणीत चिकटले, १९८२च्या संपानंतर गावी परतले ते कायमचे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांनी ऐकलेल्या. अमर शेख गायला उभे राहिले की माइक बंद पडला तरी मागच्याला कळायचं नाही, असं सांगायचे. शाहिराला ढोलकीची बोटं त्यांनीच बसवून दिली होती. शाहीर पेढे घेऊन गेला.

"हसले लोक?" नानांनी विचारलं.

"लोळले, नाना. भाऊ तर सगळ्यांच्या वर. पाचशे एक दिले."

"मग चुकलं."

शाहिराला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही.

"अरे, अण्णाभाऊ, अमर शेख आणि गवाणकर, तिघांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं. पुढं मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली. मोरारजीभाई गृहमंत्री. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य म्हटलं, गणात गणपतीच्या जागी मायभूमी नि कष्टकरी आणले, आणि खेळ चालू ठेवले. मोरारजीभाई हसले नव्हते रं. बंदी आली तेव्हा मंडळींना कळलं, गाणं लागलंय. तुला काय आलं? बक्षीस."

शाहीर म्हणाला, "जमाना बदललाय, नाना. आता कोण बंदी घालतं?"

"तेच तर. आता शहाणे झालेत. बंदी घातली की गाणं वाढतं, हे त्यांनी ओळखलं. हसलं की गाणं संपतं. शिमग्याला बोंब मारायला कुणाची ना नसते, का? दुसऱ्या दिवशी घसा बसतो आणि वर्षभर गाव गप असतं. तुझं गाणं त्यांनी शिमग्यात घालून टाकलं." नाना थोडं थांबले. "अण्णाभाऊंची 'माझी मैना' घे. गडी गिरणीत, बायको गावाला, असं सुरू होतं. वाटतं विरहाची लावणी आहे. संपतं कुठं? बेळगाव-कारवारच्या मागणीवर. ऐकणारा घरी जाताना बायको आठवत जायचा आणि मागणी पाठ करत जायचा. तुझ्या गाण्यात मागणी कुठाय?"

शाहीर चिडून निघाला. प्रसिद्धी मिळालेल्या माणसाला असं कुणी सांगितलं की तो चिडतोच, त्यात त्याचा फार दोष नाही.

पण जाताना नानांनी मागून एक वाक्य टाकलं: "कोण हसलं ते नको बघू. कोण नाही हसलं, ते बघ."

ते त्यानं बघितलं. कुणीतरी त्या रात्रीची चित्रफीत काढली होती, ती त्यानं रिक्षात बसून पुन्हा लावली. पुरुष हसत होते. पोरं नाचत होती. मागे, उजेड संपतो तिथे, वाड्यांतल्या बायका उभ्या होत्या. त्यांतली एकही हसत नव्हती. आणि पहिल्या रांगेत भाऊंच्या शेजारी वहिनी खाली मान घालून बसल्या होत्या. लुगडं नेसलेला सोंगाड्या शिक्का मारत त्यांच्याच पुढ्यात नाचत होता.

दुसऱ्या दिवशी तो वरच्या ठाकरवाडीत गेला. तिथे एक म्हातारी होती, सगळे तिला आयाव म्हणत. तिनं विचारायच्या आधीच सांगितलं. "तुझं गाणं ग्वाड होतं, बाबा. पण तू हसलास कुणाला? त्या बाईला. ती सही करते कारण घरात राहायचं आहे तिला. तिच्या दारचा नळही कोरडाच हाय. टँकर आला की ती आमच्याच रांगेत असते, हंडा घेऊन. भाऊ नसतो रांगेत. ज्यानं खाल्लं तो पहिल्या रांगेत बसून हसला आणि जिनं काही खाल्लं नाही तिची मान खाली गेली. आम्ही काय म्हणून हसावं?"

शाहिराला उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, उपहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधीतरी अशी आयाव भेटायला हवी. दुबळ्याच्या नकलेवर हशा लवकर मिळतो. लुगडं नेसलेला पुरुष दिसला की निम्मं काम झालेलं असतं. तमाशाच्या बतावणीतला खरा सोंगाड्या मात्र पाटलाला पाटलासमोर बोलायचा. पाटलीणबाईंना नव्हे.

तो पुन्हा नानांकडे गेला. या वेळी पेढे नव्हते.

"कोतवालांचा पोवाडा गातोस ना?" नाना म्हणाले. "काय काय गातोस त्यात?"

शाहिरानं सांगितलं: १९१२चा माथेरानचा जन्म, न्हाव्याचं घर, वकिली, बेचाळीसचा लढा, आझाद दस्ता, मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले ते, आणि २ जानेवारी १९४३ची सिद्धगडावरची पहाट.

"आणि धान्यकोठी?"

ती पोवाड्यात नव्हती. कोतवालांनी या भागातल्या कुळांसाठी धान्याच्या कोठ्या उभ्या केल्या होत्या. सुगीला घरटी धान्य जमा करायचं, पावसाळ्यात ज्याच्या घरी संपेल त्यानं न्यायचं, पुढच्या सुगीला परत भरायचं. सावकाराच्या दारी जायची वेळ येऊ नये, एवढाच हेतू. मनोऱ्यांच्या आधीचं काम होतं हे. त्यात धमाका नाही, बंदूक नाही, त्यामुळे शाहिरांना ते कधी गावंसं वाटलं नाही.

"कोठीला काय लागत असेल?" नाना म्हणाले. "हिशेब. कुणी किती घातलं, कुणी किती नेलं. माणसं हिशेबानं एकत्र आली म्हणून पुढं लढाईला त्यांच्या मागं गेली. मनोरे तू गा, तुला टाळ्या मिळतील. पण जमलं तर एखादा हिशेब गाऊन बघ."

हिशेब गायचा तर आधी मिळायला हवा. शाहिरानं माहितीच्या अधिकारात अर्ज केला. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, तीस दिवसांची मुदत. पंचायतीतल्या शिपायानं अर्ज घेताना विचारलं, "नवीन गाणं का, शाहीर?" आणि तोही हसला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी झेरॉक्सचा गठ्ठा मिळाला: अंदाजपत्रक, मोजमाप वही, देयकं. ते वाचायला त्यानं कर्जतच्या एका निवृत्त ओव्हरसियरला गाठलं. नळी किती इंची, नाली किती खोल, कुठल्या वाडीला किती मीटर, पंप किती ताकदीचा, आजवर किती पैसे गेले आणि शेवटचं देयक किती बाकी. मग फावडं घेऊन तो वाडीत गेला आणि दोन-तीन जागी उकरून पाहिलं. तीन फुटांची नाली कागदावर होती. जमिनीत वीतभर होती.

नवं गाणं असं तयार झालं. त्यात सोंगाड्या नव्हता, लुगडं नव्हतं, भाऊंचं नावही नव्हतं. जुन्या पोवाड्याची चाल आणि कागदावरचे आकडे, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी जमिनीतला आकडा:

कागदावरती तीन फुटांची नाली खणली गेली जी,
कोंबडीनं पाय मारला, नळी वरती आली जी!

पहिला प्रयोग पडला. जत्रेत माणसं पंधरा मिनिटांत उठून वडापावच्या गाडीकडे गेली. 'नळ आला'ची फर्माईश झाली, ती त्यानं नाकारली, तेव्हा कुणीतरी 'भाव खातोय' म्हणालं. सुपाऱ्या कमी झाल्या. पण वाड्यांत निराळं घडत होतं. मे महिन्यात लग्नं होती, बायकांनी हळदीला ते गाणं घेतलं. मग आवणी आली. चिखलात रांगेनं वाकून रोपं लावताना गाणं लागतंच. एकीनं आकडा घ्यायचा, दुसरीनं पुरा करायचा. आषाढ संपेतो वरच्या वाडीतल्या सातवीतल्या पोरीलाही नळीचा इंच आणि नालीचा फूट पाठ झाला होता.

भाऊंच्या कानावर आलं. ते हसले नाहीत. आधी निरोप आला की आकडे गायचे नसतात, गाणं म्हणजे करमणूक. मग गणपतीची सुपारी रद्द झाली. मग अब्रुनुकसानीची भाषा झाली. एका हळदीला रात्री दहाच्या ठोक्याला पोलीस आले, ध्वनिक्षेपकाचा नियम दाखवला. नियम खरा होता. त्या गावात तो पहिल्यांदाच दिसला एवढंच. शाहिरानं माइक बंद केला आणि बायकांनी तोंडी गाणं पूर्ण केलं.

नानांना हे सांगितलं तेव्हा म्हाताऱ्यानं पेढे मागवले.

आता थोडी कायद्याची गोष्ट, कारण पुढचा प्रसंग तिच्यावरच उभा आहे. एखादं गाव 'हर घर जल' झालं असं नुसतं कुणी साहेबानं लिहून चालत नाही. तसा ठराव ग्रामसभेनं करावा लागतो. महाराष्ट्रात ग्रामसभेला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांत जे कमी असेल तेवढी हजेरी लागते. तेवढी नसली की सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा घेतली की तिला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कुणी आलं नाही की दुसऱ्या सभेत पाच-सात माणसांत काहीही मंजूर करता येतं. ही वाट भाऊंना चांगली माहीत होती. शाहीर यावर म्हणायचा, "आमच्या तमाशात गणाशिवाय खेळ उभा राहत नाही, यांच्या सभेत गण नसला की खेळ रंगतो!"

ठरावासाठी दिवस निवडला १५ ऑगस्ट. हुशारी होती त्यात. विहिरी भरलेल्या, झरे वाहते, तेव्हा पाण्याची बोंब कोण मारणार?

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती बहुतेक ठिकाणी वहीतच होते. या वेळी ग्रामसेवक वही घेऊन बसले होते, तेवढ्यात वाड्यांवरून बायका उतरल्या, इरलं, छत्र्या, कडेला पोरं. शाळेचा व्हरांडा भरला. त्या उठल्याच नाहीत. मुख्य सभेलाही तिथेच बसून राहिल्या. हजेरीच्या वहीत अंगठे आणि सह्या मिळून शंभरच्या पुढे गेल्या, तेव्हा ग्रामसेवकांनी टोपी काढून डोकं पुसलं.

झेंडावंदन झालं, पोरांना गोळ्या वाटल्या, विषय निघाला: गाव 'हर घर जल' म्हणून घोषित करणे. भाऊ उत्तर द्यायला उभे राहिले.

"नाली किती खोल ठरली होती?" मागून एकीनं विचारलं.

भाऊ म्हणाले, "ते तांत्रिक असतं."

"तीन फूट!" पन्नास तोंडांतून एकदम आलं, पोवाड्याच्या चालीवर. आणि लगेच पुढचा आकडा, त्याच्या पुढचा. गाणं कुणी म्हणत नव्हतं, सगळ्या नुसत्या उत्तरं देत होत्या. पण चाल सुटत नव्हती. शाहीर कोपऱ्यात उभा होता. डफ घरी ठेवून आला होता.

भाऊ पुन्हा बोलू लागले. तेव्हा आयाव उठली. "भाऊ, तुम्ही आमच्यासारखंच मतदार. आमच्यात येऊन बसा. उत्तर वहिनी देतील. खुर्ची त्यांची हाय."

शांतता झाली. वहिनींनी भाऊंकडे पाहिलं, मग वहीकडे. बराच वेळ गेला. "टाकी मी चढून पाहिलेली नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या दारच्या नळाचं पाणी मी एकदाही भरलेलं नाही. या ठरावावर मी सही करत नाही. लिहून घ्या, ग्रामसेवक."

लिहून घेतलं गेलं. सगळ्या घरांना ५५ लिटर पाणी येईपर्यंत ठराव नाही, आणि शेवटचं देयक द्यायला सभेची हरकत आहे, असं. वहिनींच्या घरी त्या रात्री काय झालं ते गोष्टीत नाही. दुसऱ्या दिवशी त्या पंचायतीत आल्या आणि खुर्चीत बसल्या, एवढं शिपायानं सांगितलं.

दिवाळीनंतर नाल्या पुन्हा खणल्या, या वेळी खरोखर तीन फूट. डिसेंबरात गावठाणाला पाणी आलं, मग दोन्ही ठाकरवाड्यांना, एक दिवसाआड. कातकरवाडी टेपावर आहे; पंपाची ताकद तिथवर पुरत नाही. मोठा पंप मागण्याचा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत होता. कातकरवाडीतली झाडून सगळी माणसं आली, शाहीर आला, आयाव काठी टेकत आली, वहिनी अध्यक्षस्थानी होत्या. गावठाणातून चौघे आले. हजेरी भरली ६३. सभा तहकूब झाली.